हितसंबंध

आवाज मोजायला आलेल्या माणसाचा स्वतःचा आवाज थोडा मोठा असता, तर ही गोष्ट सुरूच झाली नसती. तो लाँड्रीच्या दारात उभा राहून म्हणाला, की तो प्रयोगशाळेकडून आला आहे आणि त्याला इथला आवाज मोजायचा आहे. पण त्या वेळी आत पिळायचं मशीन चालू होतं, वसतिगृहाच्या चादरी त्यात गरगरत होत्या, आणि काउंटरमागच्या मुलीला त्याच्या अख्ख्या बोलण्यातला फक्त शेवटचा 'आहे' ऐकू आला. 'आहे' म्हणजे धुवायला काहीतरी आहे, असा तिने अर्थ काढला. लाँड्रीत दुसरा अर्थ निघत नाही.

त्याने काउंटरवर एक यंत्र ठेवलं होतं. यंत्राच्या टोकाला काळ्या स्पंजचा संत्र्याएवढा गोळा होता. तिने तो अलगद काढून घेतला, उजेडात फिरवून डाग शोधला, वास घेतला, आणि सांगितलं की स्पंज मशीनमध्ये टाकला तर आकार जाईल, हातानेच धुवावा लागेल, गुरुवारी मिळेल. हे सांगता सांगता तिने त्याला सेफ्टी पिनने नंबरही टोचला.

आता त्या माणसाला एक सवय होती. कुणी काही विचारलं की तो आधी थोडा थांबायचा आणि मग बोलायचा. धंद्यातली सवय — आकडा स्थिर झाल्याशिवाय वाचायचा नाही. तो थांबला, आणि तेवढ्यात मुलीने पुढच्या गिऱ्हाइकाचे दोन शर्ट मोजून घेतले.

"हा मुका आहे का?" काउंटरच्या टोकाला स्टुलावर बसलेल्या मामांनी विचारलं.

मामांची ती लाँड्री. त्यांचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून ती चालवायची त्यांच्या भाचीने आणि मामांनी स्टुलावर बसून मतं द्यायची, अशी वाटणी झाली होती. भाचीला सगळे भिंगरी म्हणत. ती एका जागी उभी राहिली तरी फिरते आहे असं वाटायचं. हात चालू नसले तर तोंड चालू असायचं, आणि बहुतेक वेळा दोन्ही.

अखेर भिंगरीने मशीन बंद केलं आणि माणसाचं बोलणं ऐकू आलं. आवाज मोजायचा म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावरचं हसू विरघळलं. तिने गोळ्याचा नंबर काढला, गोळा परत केला, काउंटर पुसला आणि हात मागे बांधून उभी राहिली.

"मोजा," ती म्हणाली. "आता काही आवाज नाही."

तो थांबला. मग म्हणाला, "मला आवाज हवा आहे."

मामांना हे पटलं नाही. घरी कुणी आलं की चालू असलेला रेडिओसुद्धा बंद करतात, आणि हा माणूस म्हणतो गोंधळ चालू ठेवा. पण भिंगरीने मशीन पुन्हा चालू केलं, कारण हा माणूस कशासाठी आला आहे ते तिला पुरतं ठाऊक होतं.

ते मशीन तिच्या हट्टाने आलं होतं. मशीन आल्यामुळे वसतिगृहाच्या चादरी आल्या, आणि दुकान त्या चादरींवर चालत होतं. पण वर राहणाऱ्या गणिताच्या बाईंनी तक्रार केली, आणि इमारतीच्या कमिटीने ठरवलं की बाईंच्या घरात मशीनचा आवाज पंचेचाळीस डेसिबलच्या वर गेला, तर मशीन उचलायचं. मशीन गेलं की चादरी गेल्या, चादरी गेल्या की दुकान गेलं. आणि दुकान गेलं की भिंगरीने लांबच्या शहरात, काकांच्या ओळखीच्या ऑफिसात, एका जागी खुर्चीवर बसायचं, असं तिच्या आईने ठरवून ठेवलं होतं. बाकी सगळं भिंगरीने सहन केलं असतं. एका जागी खुर्चीवर बसणं तिला झेपलं नसतं.

बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांनी मोजणीवाल्याला दारातच विचारलं, की साठ डेसिबलचं एक मशीन आणि शेजारी साठचंच दुसरं, मिळून किती. तो थांबला — बाईंना हे आवडलं, कारण शिकवलेली बहुतेक मुलं थांबायची नाहीत — आणि म्हणाला, त्रेसष्ट. बाईंनी मान हलवली आणि त्याला आत घेतलं. हे लॉगॅरिदमचं प्रकरण आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांना फक्त त्याला माहीत आहे का ते बघायचं होतं.

मग त्याने खोलीची झडती घेतल्यासारखं केलं. भिंतीवरचं घड्याळ काढून दुसऱ्या खोलीत गादीत गुंडाळून ठेवलं. फ्रिज बंद केला. खिडकी लावली. तीन पायांचा स्टँड खोलीच्या मधोमध, भिंतींपासून लांब उभा केला आणि त्यावर मीटर बसवला. मग खिशातून अंगठ्याएवढी नळी काढून मीटरच्या तोंडावर धरली. ती नळी एकच सूर एकाच पट्टीत काढायची; मीटरने तो बरोबर ओळखला तरच पुढे जायचं, आणि सगळं मोजून झाल्यावर पुन्हा एकदा विचारून खात्री करायची.

"म्हणजे आधी परीक्षकाची परीक्षा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी त्याला चांगल्यापैकी मार्क दिले असावेत, कारण त्या खुर्ची घेऊन स्वयंपाकघरात जाऊन गप्प बसल्या.

गप्प बसली नाही ती भिंगरी. खाली मामांना मशीनवर नेमून ती वर आली होती, कारण आपलं नशीब कुणीतरी मोजत असताना आपण खाली बाह्या उलट्या करत बसणं तिला जमेना. ती मीटरच्या अगदी जवळ जाऊन आकडा बघायला लागली. त्याने सांगितलं, की माणसाच्या अंगावरूनही आवाज परत फिरतो, त्यामुळे जरा लांब उभं राहावं लागतं. ती एक पाऊल मागे सरली. तो म्हणाला, आणखी. ती आणखी सरली. असं करत करत ती दाराच्या चौकटीला टेकली, तेव्हा तो थांबला.

"तुम्हाला माझी भीती वाटते का?" तिने विचारलं.

"मीटरला वाटते," तो म्हणाला.

पहिली मोजणी वाया गेली, कारण मध्येच भिंगरीने कुजबुजत विचारलं की कुजबुजलेलं चालतं का. दुसरी वाया गेली, कारण तिने विचारलं नाही पण विचारावंसं वाटून तिला हसू आलं. त्याने न चिडता दोन्ही आकडे पुसले. तिसऱ्या वेळेला तिने ओठ घट्ट मिटले आणि बघायला काही नव्हतं म्हणून त्याच्याकडे बघत राहिली. तो मीटरकडे बघत होता. म्हणजे, बघायला हवं होतं. खालून मशीनची घरघर येत होती, तिच्या केसांना इस्त्रीच्या वाफेने आलेले कुरळे वळसे अजून ओलसर होते, कोऱ्या गरम सुती कापडाचा वास तिच्याबरोबर वर आला होता, आणि खोलीत दोन माणसं बोलायचं नाही या एकाच कामाला लागली होती. बोलायचं नाही म्हटल्यावर बघण्याखेरीज माणसाच्या हातात फारसं राहत नाही, हे आवाज मोजण्याच्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

आकडा आला. सत्तेचाळीस.

भिंगरीचा चेहरा उतरला. त्याने घाईघाईने — म्हणजे त्याच्या मानाने घाईघाईने — समजावलं, की यात नुसतं मशीन नाही. रस्ता, नळ, शेजारी, सगळे मिसळलेले आहेत. आता मशीन बंद करून त्या बाकीच्यांना वेगळं मोजायचं आणि यातून वजा करायचं. त्या बाकीच्यांना पार्श्वध्वनी म्हणतात. तो जितका मोठा, तितका मशीनच्या नावावरचा भार हलका.

ती मशीन बंद करायला खाली पळाली. घरघर थांबली. खालच्या लाँड्रीतून बाईंच्या स्वयंपाकघरात नळाचे पाइप वर येतात त्या भोकातली सळसळ, रस्त्यावरची एखादी सायकल, लांब कुठेतरी कुत्रं... आणि त्यातच काहीतरी आणखी. शब्द नसलेलं, वर चढणारं आणि मध्येच घसरणारं. तो मीटरपासून हातभर अंतरावर उभा राहिला, नियमाप्रमाणे, आणि लावलेल्या खिडकीतून बाहेर बघत राहिला, नियम नसताना. आकडा चव्वेचाळीस आला. तो त्याने तसाच धरला.

सत्तेचाळीसातून चव्वेचाळीस गेले की आवाजाच्या हिशोबात, जिथे साठ आणि साठ मिळून त्रेसष्टच होतात, मशीनच्या नावावर चव्वेचाळीस उरतात. पंचेचाळीसच्या आत. मशीन पास.

मामांनी त्याला चहा पाजला. भिंगरीने त्याला बोलून बोलून बेजार केलं, आणि तो बेजार झालेला दिसला नाही. तो गेल्यावर मामांनी दुकानाच्या टोकावरून भाचीला मोठ्याने विचारलं, "मुका देऊन गेला का?" कपडे न्यायला आलेल्या दोघीतिघींनी एकदम माना वर केल्या. "रिपोर्ट," मामा म्हणाले. पण तोवर भिंगरी कपड्यांच्या गठ्ठ्यामागे वाकली होती आणि बराच वेळ वर आली नाही.

*

प्रयोगशाळेचे साहेब एका कानाने कमी ऐकत. आयुष्यभर आवाज मोजलेल्या माणसाला हे शोभत नाही, असं त्यांना कुणी म्हणालं असेलही, पण त्या बाजूने म्हणालं असावं. स्वतः मात्र ते सगळ्यांना ऐकू जाईल इतकं बोलत, म्हणजे शेजारच्या इमारतीलाही.

दुसऱ्या दिवशी चांगल्या कानाच्या बाजूला काहीतरी वाजायला लागलं, तेव्हा साहेबांना वाटलं दुरुस्तीला आलेलं एखादं मीटर असेल. ते शोधत आले. वाजत होता तो त्यांचा सगळ्यात गप्प माणूस. तो मीटरची बॅटरी बदलत होता आणि गुणगुणत होता.

साहेबांनी विचारलं, ही चाल कुठली. त्याने थांबून आठवलं. म्हणाला, लाँड्रीतली. मशीन बंद असताना ऐकलेली...

आणि तो थांबला तो थांबलाच. त्याचा चेहरा बघून साहेबांनी खुर्ची पुढे केली.

मशीन बंद असताना त्याने जे ऐकलं ते रस्ता नव्हता, नळ नव्हता, शेजारी नव्हते. खाली इस्त्री करणारी मुलगी होती. तिची गुणगुण पाइपाच्या भोकातून वर आली आणि त्याने ती बाकीच्यांत धरून मशीनच्या आवाजातून वजा केली. मशीन चालू असताना ती वर, दाराच्या चौकटीत, ओठ मिटून उभी होती. म्हणजे जे पहिल्या आकड्यात नव्हतंच, ते त्यातून वजा झालं. ती गुणगुण काढून टाकली, तर मशीनच्या नावावर सेहेचाळीसच्या वर उरत होते. मशीन नापास होतं.

गप्प राहिला असता तर कुणाला कळलं नसतं. रिपोर्ट गेला होता, कमिटी खूश होती, बाईंनी काही म्हटलं नव्हतं. पण काही माणसांना चुकीचा आकडा बुटात खडा गेल्यासारखा टोचतो, आणि ती माणसं बूट काढल्याशिवाय चालू शकत नाहीत. त्याने साहेबांना सगळं सांगितलं. शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून साहेबांनी चष्मा पुसला. मग तो लाँड्रीकडे निघाला.

भिंगरीने त्याला बघितलं आणि आपण होऊन मशीन बंद केलं, या वेळी त्याचं बोलणं ऐकू यावं म्हणून. चांगला कप काढला. तो बसेना, तेव्हा तिचे हात सावकाश झाले.

"आकडा चुकला," तो म्हणाला. "मशीन पंचेचाळीसच्या आत नाही. वर आहे."

"मीटर बिघडलं?"

"मीटर बरोबर होतं. मी चुकलो. मशीन बंद केल्यावर तुम्ही गुणगुणत होतात. मी ते बाहेरच्या आवाजात धरलं."

"मी गुणगुणत नाही."

"गुणगुणतेस," स्टुलावरून मामा म्हणाले.

"रस्त्याने कुणी गात गेलं असेल."

"तुम्हीच होतात."

"कशावरून?"

तो थांबला. नेहमीपेक्षा जास्त थांबला.

"मला ती चाल पाठ झाली आहे," तो म्हणाला.

भिंगरीचे कान लाल झाले. इस्त्री गरम नव्हती, वाफ नव्हती, त्यामुळे त्याला दुसरं कारण देता येईना. एखाद्या मुलीला असं काही पहिल्यांदाच ऐकायला मिळावं आणि त्याच वाक्याने तिचं दुकान जावं, हा अन्याय होता, आणि ती अन्याय झाल्यासारखीच बोलली. म्हणाली, की माझ्या गाण्याने मशीन वाचलं होतं, आणि तुम्ही ते गाणं परत काढून मशीन न्यायला आलात. चार दिवस गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं. कुणाला कळलं असतं.

"मला," तो म्हणाला.

"मलाही," भिंतीतून आवाज आला.

मामा स्टुलावरून अर्धे उठले. आवाज पाइपाच्या भोकातून येत होता आणि बाईंचा होता. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेल्या आवाजाला एका मजल्याचं काय. बाईंनी वरूनच सांगितलं, की मोजणी चालली होती तेव्हा त्यांनीही गुणगुण ऐकली होती.

"मग तेव्हा का नाही बोललात, बाई?" भिंगरीने भोकाला विचारलं.

"बोलले असते तर तू थांबली असतीस."

बाई पुढे बोलल्या, थोड्या कमी आवाजात, म्हणजे साधारण पहिल्या बाकापर्यंत. मशीन यायच्या आधी दुपारभर भिंगरीची गुणगुण त्यांना या भोकातून ऐकू यायची. सूर दुसऱ्या ओळीत घसरायचा, रोज त्याच जागी, पण दुपार बरी जायची. मशीन आलं आणि तिचा आवाज त्याखाली गेला. त्यांनी तक्रार मशीनची केली होती. मुलीची नव्हे.

मामांना संधी दिसली. ते म्हणाले, मग बाई, घ्या की मागे ती तक्रार.

"तक्रार बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "बरोबर आलेलं उत्तर मी खोडत नाही. मशीन नीट बसवा."

मोजणीवाला एव्हाना गुडघ्यांवर बसून मशीनखाली डोकावत होता. मशीनचे चार पाय जमिनीवर टेकले होते, पण पाठ वर जाणाऱ्या पाइपाला चिकटली होती. त्याने मामांना ते चालू करायला सांगितलं आणि भिंगरीला पाइपावर तळहात ठेवायला. तिने ठेवला. त्याने थोडा वर स्वतःचा ठेवला. पाइप थरथरत होता. हाच बाईंच्या घरात जातो, तो म्हणाला, मशीन हवेतून कमी आणि यातून जास्त बोलतं. मशीन पुढे ओढा आणि पायांखाली जाड रबर घाला. तिने मान हलवली. पाइप थरथरत होता हे दोघांनाही कळलं. बाकी काही थरथरत असेल तर ते कुणी तपासून बघितलं नाही.

"मग पुन्हा मोजायला याल ना?" तिने विचारलं. तिचा राग अर्ध्यावर येऊन थांबला होता.

"मी नाही. दुसरं कुणी येईल."

"तुम्ही का नाही?"

"नियम आहे," तो म्हणाला आणि गेला.

चहा तसाच राहिला. मामा म्हणाले, अर्धवट तरी प्यायचा. भिंगरीने कप धुऊन ठेवला. त्या दुपारी तिने वसतिगृहाच्या सगळ्या चादरींना इस्त्री केली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि वर बाई वाट बघत बसल्या, पण भोकातून काहीच आलं नाही.

*

रबर बसलं, मशीन पुढे ओढलं गेलं, आणि ठरलेल्या दिवशी साहेब स्वतः आले. मागे स्टँड उचलून तो होता. साहेबांनी स्टँड त्याच्या हातून घेतला आणि त्याला बाहेर, रस्त्यापलीकडे जाऊन उभं राहायला सांगितलं. तो गेला.

भिंगरीने विचारलं नसतं. पण चार माणसं रांगेत उभी होती आणि त्यांच्यादेखत एखाद्याला असं बाहेर काढलेलं तिला बघवेना. तिने विचारलं, त्यांना आत का नाही येऊ देत.

साहेबांनी चांगला कान तिच्याकडे केला, प्रश्न पुन्हा ऐकला, आणि आपल्या नेहमीच्या आवाजात उत्तर दिलं.

"मोजणाऱ्याचा कुठल्या बाजूशी हितसंबंध असला तर त्याने तसं सांगायचं, आणि मोजायचं नाही. याने सांगितलं, खालच्या बाजूशी आहे. मी विचारलं, कसला, कपडे टाकतोस का इथे? तर म्हणाला, नाही, साहेब. अजून एकतर्फी आहे."

रांगेतल्या एका बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं नाही. वरून, भोकातून, बाईंच्या घशातून काहीतरी निघालं. त्याला हसणं म्हणायला पुरावा नव्हता.

साहेबांना यात काही विशेष बोललो असं वाटलं नाही. त्यांनी भिंगरीलाही रस्त्यापलीकडे जायला सांगितलं. मशीन बंद असताना गुणगुणणारी ती हीच, हे त्यांना माहीत होतं, आणि या वेळी त्यांना चूक नको होती. खिडकीतून रुमाल हलवेपर्यंत दोघांनीही तोंडातून अक्षर काढायचं नाही, असं त्यांनी बजावलं. मशीन मामा सांभाळतील.

म्हणून ती रस्ता ओलांडून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बंद दुकानाच्या पायरीवर दोन माणसांपुरतीच सावली होती. तो तिच्याकडे वळला. साहेबांचा आवाज रस्ता ओलांडून त्याच्यापर्यंत आला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर उघड दिसत होतं. त्याने तोंड उघडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो न थांबता बोलायला निघाला होता — आणि तिने ओठांवर बोट ठेवलं. समोर मोजणी चालली होती.

ते उभे राहिले. समोरून मशीनची घरघर आली. पूर्वीपेक्षा जाडसर, दबलेली. मग ती थांबली. रस्त्याने एक माणूस शिडी खांद्यावर घेऊन गेला. वारा आला, तिच्या कपाळावरची बट उडाली, आणि तिने ती मागे सारली नाही, कारण हात हलवला तर बाही वाजेल अशी तिला उगाच भीती वाटली. त्याने तिच्याकडे बघितलं. तिने रस्त्याकडे बघितलं. मग दोघांनी अदलाबदल केली.

वर खिडकीत रुमाल हलला.

"आता ऐका," भिंगरी म्हणाली, आणि इतका वेळ साठलेलं सगळं एकदम आलं. "साहेब अजून ती नळी लावून मीटर तपासतील, सामान आवरतील, मग खाली येऊन निकाल सांगतील. तुम्हाला जे सांगायचंय ते त्याच्या आत सांगा. मशीन पास झालं आणि मग सांगितलंत, तर मला वाटेल आनंदाच्या भरात बोललात. नापास झालं आणि सांगितलंत, तर मला वाटेल कीव आली. आधी सांगितलंत तरच ते बरोबर धरता येईल."

त्याने मान हलवली. हे त्याला अगदी पटलं. आणि पटलं म्हणून तो थांबला.

जिन्यावर साहेबांचा आवाज ऐकू आला. ते बाईंना लॉगॅरिदमबद्दल काहीतरी सांगत एकेक पायरी उतरत होते. बाई त्यांच्या मागून चूक काढत येत होत्या.

"उतरतायत," ती म्हणाली.

तो अजून थांबलेला होता. तिने आयुष्यात कुणाच्या बोलण्याची इतकी वाट बघितली नव्हती. एरवी ती समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायची. या वेळी केलं नाही. तिने हात एकमेकांत गुंफले आणि एका जागी उभी राहिली.

"मला रोज दुपारी इथे यायचं आहे," तो म्हणाला. "मीटर न घेता."

"येऊन काय करणार?"

"ऐकेन."

"आणि मी बोलतच सुटले तर?"

"तेही ऐकेन."

"मशीन उचलावं लागलं आणि मला लांब जावं लागलं तर?"

या वेळी तो थांबला नाही. "मग तिथे येईन. ऐकायला जागा लागत नाही."

भिंगरीने मान खाली घातली. हसू लपवायला ती एवढंच करू शकत होती आणि तेही पुरलं नाही.

"मग साहेबांना सांगा," ती पायरीकडे बघत म्हणाली, "ते एकतर्फी म्हणालात ना, तो आकडा चुकलाय. दुरुस्त करा."

"किती धरू?" त्याने विचारलं. त्याचा आवाज आधीच लहान, तो आणखी लहान झाला होता.

"दोन्ही बाजू धर," ती म्हणाली.

'धरा' नव्हे, 'धर'. हा फरक कुठल्याही मीटरवर दिसत नाही, पण त्याने तो वाचला, आणि त्याचा हात आपोआप तिच्या गुंफलेल्या हातांकडे सरकला.

समोर साहेब दारातून बाहेर आले. त्यांच्या मागे बाई होत्या, आणि मशीनवरून उठून मामाही गुडघे सांभाळत आले होते. साहेबांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं, की मशीन चाळीसच्या आत आहे, पास आहे, कमिटीला तसं कळवण्यात येईल. शेजारच्या दोन इमारतींच्या खिडक्या उघडल्या. शिडीवाला माणूस मागे वळून बघायला लागला.

पायरीवरच्या दोघांनी काही ऐकल्याचं दिसलं नाही.

साहेबांना वाटलं आपला आवाज कमी पडला. त्यांनी दोन पावलं पुढे येऊन, तोंडाभोवती हात धरून, निकाल पुन्हा सांगितला. या वेळी तो लक्ष देऊन फक्त मामांनीच ऐकला. बाई आधीच वर जाऊन भोकाजवळ खुर्ची मांडत होत्या.